राघूचा काना

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की प्रत्येक घरात एका तरी वस्तूवरून वाद होतो. ती वस्तू वापरात नसते आणि टाकवतही नाही. कोणाकडे ते पितळी घंगाळ असते, कोणाकडे लंबकाचे बंद पडलेले घड्याळ. माझ्या सासुरवाडीला, लातूरला, तो एक संगणक आहे. बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात, भरतकामाच्या अभ्र्याखाली, तो गेली पंचवीस-सव्वीस वर्षे बसून आहे. दरवर्षी वसुबारसेच्या सुमारास सासूबाई अभ्रा धुवायला काढतात आणि म्हणतात, "हे धूड एकदाचं भंगारवाल्याला देऊन टाका बघा!" सासरे वर्तमानपत्रातून डोके वर न काढता उत्तर देतात, "अभ्रा धू. आतल्याला हात लावू नको."

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते लातूरच्या एका महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते आणि मी नांदेडला मराठीच शिकवतो. सासरा आणि जावई एकाच विषयाचे असले म्हणजे फराळाच्या ताटावरसुद्धा ऱ्हस्व-दीर्घाची लढाई होते. चिवडा तसाच राहतो आणि सौ. कपाळाला हात लावते. पण या संगणकाच्या बाबतीत मात्र मी पहिल्यापासून मामांच्या पक्षात होतो. त्याला कारण होते.

मामांनी हे यंत्र १९९१ साली पतपेढीचे कर्ज काढून घेतले. त्या काळी संगणकाला इंग्रजीखेरीज काही कळत नसे. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर जे काम झाले ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले (ही संस्था १९८८ची) आणि त्यातून 'जिस्ट' नावाचे कार्ड निघाले. ते संगणकाच्या पोटात बसवले की काळ्या पडद्यावर काना-मात्रा-वेलांटीसकट मराठी उमटू लागे. मामांना तेवढेच हवे होते. पगाराच्या मानाने तो खर्च वेडेपणाचा होता, आणि मामी तो हिशेब अजून विसरलेल्या नाहीत.

कारण असे, की १९८९पासून मामा रविवारी एसटीने औसा तालुक्यातल्या खेड्यांत जात आणि म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत. पिठाच्या गिरण्या गावोगाव झाल्या होत्या; जाती कोपऱ्यात गेली होती; पण ओव्या अजून ओठांवर होत्या. तीन वर्षांत सातशेवर ओव्या जमल्या. त्या त्यांनी एकेक करून यंत्रात भरल्या, आणि आता हे अक्षय झाले अशा समाधानाने वह्या माळ्यावर टाकल्या.

पुढे ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट आली. गणपती बोळवून दमलेली माणसे गाढ झोपेत असताना, चार वाजायला चार मिनिटे असताना, किल्लारीच्या परिसरात धरणी हलली. जाड मातीच्या भिंतींची दगडी घरे माणसांवर कोसळली. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. ज्या गावात मामांना सर्वांत जास्त ओव्या मिळाल्या त्या गावातल्या ओव्या सांगणाऱ्या बायकांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. मामांनी त्यानंतर ती फाईल उघडली नाही. पुढे पाच-सहा वर्षांनी मॉनिटर जळाला, यंत्रावर अभ्रा पडला, आणि एका पावसाळ्यानंतर माळा उघडला तेव्हा वह्यांची माती झालेली होती. वाळवी मराठी-इंग्रजी असा भेद करत नाही.

वर्षाचे धान्य भरण्याच्या दिवसांत त्याच भागातल्या एका पुनर्वसित गावाहून एक बाई मामींकडे ज्वारी आणि तुरीची डाळ घेऊन येतात. मुले त्यांना मावशी म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. भूकंपात त्यांचे माहेर गेले, आई गेली. आईचा फोटो नाही. त्या घरांत फोटो काढण्याची चाल नव्हती, आणि होते ते मातीखाली गेले. मामांच्या ओव्यांत साठ-सत्तर ओव्या या मावशींच्या आईच्या. दाराशी पोते टेकवले की मावशींचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, माझ्या आईच्या वव्या निघाल्या का हो त्या डब्यातनं?" मामा मान खाली घालत. मागल्या दिवाळीत मावशी बोरे देण्याचे निमित्त करून आल्या, आणि हा प्रश्न माझ्यासमोर झाला. "पाव्हणं, तुमी तरी बगा की," त्या म्हणाल्या. जावयाला दिवाळीत सासुरवाडीला कोणी काही मागत नाही. तो मागणारा असतो. मला फार लाजल्यासारखे झाले.

आमचे चिरंजीव नववीत आहेत आणि त्यांना सर्व काही येते. त्यांनी जाहीर केले की हे दहा मिनिटांचे काम आहे. यंत्र चालू केले. आतला पंखा खरखरला, मग एकदाच 'टुं' असा आवाज झाला. की-बोर्डवरचे एक बटण दाबले की कोपऱ्यातला हिरवा दिवा लागत होता, पुन्हा दाबले की विझत होता. म्हणजे यंत्र जिवंत होते. माळ्यावरचे असे यंत्र तपासताना ही खूण लक्षात ठेवावी. पडदा काळा आहे एवढ्यावरून संगणक मेला असे ठरवू नये. एकदाच टुं आणि दिवा लागतो-विझतो, तर बहुधा मेंदू शाबूत आहे, बोलण्याचे साधन तेवढे गेले आहे.

मेहुण्याचा नवा चपटा मॉनिटर आणला. जुन्या यंत्राच्या पाठीला नऊ भोकांची जागा, मॉनिटरला पंधरा भोकांची. दिवाळीच्या गर्दीत गंजगोलाईला जाऊन 'नवाचे पंधरा' करणारा जोड शोधून आणला. पडद्यावर अक्षरे उमटली, पण ती संगणकाची नव्हती; मॉनिटरचीच होती. संकेत मिळत नाही, एवढे सांगून तो झोपी गेला. मग दुसरे दुकान, दुसरा जोड. घरी आल्यावर कळले की तो उलट्या दिशेचा आहे, नव्या संगणकाचे चित्र जुन्या पडद्याला देणारा. चिरंजीवांनी शेवटी हार्ड डिस्क काढून नव्या लॅपटॉपला यूएसबीच्या जोडाने लावली. लॅपटॉपने तिची ओळखच दिली नाही. भाऊबीजेला आम्ही नांदेडला परतलो तेव्हा मामा फक्त म्हणाले, "राहू द्या जावईबापू. प्रयत्न केलात."

या "राहू द्या"ने माझी झोप घालवली.

नांदेडला माझा एक जुना विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करतो. बारावीला मराठीत त्याला जेमतेम उत्तीर्ण केले होते, ही गोष्ट दोघांच्याही लक्षात होती. मी सगळी हकीकत सांगितली. नवाचे पंधरा केल्याचे ऐकून तो खुर्चीतून उठलाच. "सर, मॉनिटर वाचला हे नशीब समजा!"

मग त्याने मला शिकवले, आणि त्या दिवशी गुरू कोण हा प्रश्न उरला नाही. तो म्हणाला, सर, जोड न बसणे ही सर्वांत किरकोळ अडचण. खऱ्या अडचणी दोन, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. पहिली दाबाची. मामांच्या यंत्राची तार फक्त हो किंवा नाही म्हणते. हो म्हणताना पाच व्होल्ट देते. पंधरा पिनांच्या मॉनिटरच्या रंगांच्या तारांना शून्यापासून पाऊण व्होल्टापर्यंतची कुजबूज ऐकायची सवय. त्यांच्या कानात हा पाच व्होल्टांचा कर्णा वाजतो. दुसरी अडचण चालीची. जुन्या काचेच्या पडद्यावर किरणाचा झोत एकेक आडवी रेघ ओढत वरून खाली येतो. मामांच्या एकरंगी मॉनिटरवर एका चित्रात दिसणाऱ्या रेघा ३५०, आणि असे चित्र सेकंदाला ५० वेळा. वरखाली जाण्यायेण्याचा वेळ धरून सेकंदाला अठरा हजारांवर रेघा होतात. त्याच काळातले नऊ पिनांचे रंगीत मॉनिटर निघाले, त्यांच्यातल्या पहिल्या जातीचा वेग पंधरा-सोळा हजारांचा, नंतरच्या जातीचा बावीस हजारांच्या आतबाहेर. १९८७ साली पंधरा पिनांची व्हीजीए पद्धत आली, तिने वेग साडेएकतीस हजारांवर नेला. आजचे चपटे मॉनिटर साधारण तीस हजारांपासून पुढेच ऐकतात. त्याखाली कोणी कितीही ओरडले तरी त्यांच्या लेखी शांतता.

मी म्हटले, "म्हणजे जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईला भुजंगप्रयाताच्या चालीत बसवण्यासारखे आहे."

तो म्हणाला, "सर, ते मला तेव्हाही समजलं नव्हतं."

पण माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन्ही यंत्रे धडधाकट होती. एक संथ लयीत सांगत होते, दुसऱ्याला त्या लयीत ऐकता येत नव्हते, आणि आम्ही त्यांची नुसती तोंडे एकमेकांना जोडत होतो. हवा होता दुभाषी: जुन्याचे सगळे चित्र आधी निवांत ऐकून घेणारा, लक्षात ठेवणारा आणि मग नव्याच्या भाषेत सांगणारा.

असा दुभाषी जगातल्या काही हौशी मंडळींनी बनवून ठेवला आहे आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला केला आहे. रास्पबेरी पाय झीरो नावाचा, हाताच्या दोन बोटांवर मावेल एवढा संगणक, आणि त्याला जोडलेली एक छोटी पट्टी. हा मुळात बीबीसी मायक्रो या इंग्लंडमधल्या संगणकासाठी झाला. आपल्याकडे १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेची 'क्लास' योजना काढली तेव्हा शाळांना दिले ते हेच संगणक. पुढे या दुभाष्याला नऊ पिनांची बोलीही शिकवली गेली. माझ्या विद्यार्थ्याने सुटे भाग मागवून तो जुळवला. पैसे विचारले तर म्हणाला, "काम झालं तर बघू."

ज्यांच्या माळ्यावरच्या यंत्राला पंधरा भोकांची जागा आहे त्यांनी एवढे कष्ट घेण्याचे कारण नाही. जुना संगणक ते एचडीएमआय अशा दिशेची, स्वतःची वीज घेणारी डबी मिळते. नुसती तार घेऊ नये; तार भाषांतर करत नाही. आणि डबीवरचा बाण कोणत्या दिशेचा आहे हे दुकानातच पाहून घ्यावे, हे मी अनुभवाने सांगतो. आणखी एक: नऊ पिनांच्या जागा यंत्राच्या पाठीला दोन असू शकतात. भोके असलेली पडद्याची. टोके बाहेर आलेली दुसऱ्या कामाची. आणि जुना काचेचा मॉनिटर घरी उघडू नये. वीज काढल्यावरही त्याच्या पोटात दणका देण्याइतका दाब शिल्लक राहतो.

मे महिन्यात सुट्टी लागली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत आमची एसटी लातूरला पोचली तेव्हा ऊन मी म्हणत होते. माझा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी स्वतः आला. त्याने आधी यंत्र उघडून धूळ काढली आणि आतली लहानशी बॅटरी कापून टाकली. ती फुटून तिच्यातला रस तांब्याच्या रेघा खाऊ लागला होता. वर्षभर आणखी थांबलो असतो तर दुभाषी असून उपयोग नव्हता. मग हार्ड डिस्कवरच्या चिकटपट्टीवरचे ९७७, ५ आणि १७ हे आकडे त्याने कागदावर लिहून घेतले. बॅटरी गेल्यावर असे यंत्र स्वतःची डिस्क केवढी आहे हेच विसरते. हे आकडे त्याला पुन्हा सांगावे लागतात. आमच्या लॅपटॉपने ती का ओळखली नाही, हेही त्याने सांगितले. इतक्या जुन्या लहान डिस्कची मोजणीची पद्धतच वेगळी असते आणि यूएसबीच्या जोडाला ती येत नाही.

दुभाषी मेहुण्याच्या मॉनिटरला लावला. पुन्हा तेच: संकेत आवाक्याबाहेर! माझे हातपाय गळाले. विद्यार्थी मात्र शांतपणे म्हणाला, "याला सेकंदाला साठ चित्रं हवीत, आपण पन्नास देतोय. टीव्ही कुठाय? आपल्याकडच्या टीव्हीला पन्नासची सवय असते." टीव्हीवर त्या वेळी मामींची मालिका ऐन रंगात आली होती. मामींनी एक वेळ नातवाकडे पाहिले, एक वेळ नवऱ्याकडे, आणि रिमोट काही न बोलता पुढे केला. त्या घराच्या इतिहासात असे पूर्वी घडले नव्हते.

टीव्हीवर काळोख पसरला आणि त्यात पांढरी अक्षरे उमटली. यंत्राने डिस्कचे आकडे विचारले, तारीख विचारली. मामा खुर्ची ओढून की-बोर्डापाशी बसले. वय शहात्तर; चष्मा सापडत नव्हता. पण डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने ही इन्स्क्रिप्टची मांडणी त्यांच्या बोटांना पाठ होती. त्यांनी चारपाच अक्षरे टंकली आणि पहिली ओवी वर आली. कोणी काही बोलले नाही. मामांनी नाकावरून घाम पुसला. निदान आम्ही तो घामच समजलो.

मावशींना फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आल्या, आणि धान्य न घेता येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. त्या सोफ्यावर बसल्या नाहीत. टीव्हीसमोर सतरंजीवर बसल्या. मामा त्यांच्या आईच्या ओव्या वाचू लागले. दोनचार झाल्यावर मावशींचे ओठ हलायला लागले, आणि थोड्या वेळाने त्या चालीवर म्हणू लागल्या. मामा वाचत आणि मावशी पुढची ओळ त्यांच्या आधीच उचलत. भावाची ओवी आली. मामांनी वाचले, "रघू..."

मावशी थांबल्या. "रघू न्हाई सर. राघू. माझ्या मामाचं नाव राघू. आई राघूच म्हनायची. तुमी चुकीचं लिवलंय."

मामांचा चेहरा उतरला. शुद्धलेखनासाठी जावयाशी भांडणारा माणूस. त्यालाच एका बाईच्या भावाचे नाव नीट उतरवता आले नाही? पुढच्या ओवीत ते नाव ओळीच्या मध्यावर होते. तिथे मात्र स्वच्छ 'राघू' होते. त्याच्या पुढच्या ओवीत पुन्हा 'रघू'.

चिरंजीव टीव्हीजवळ गेले आणि पडद्याला बोट लावून वरून खाली पाहू लागले. "बाबा, काना याच उभ्या पट्ट्यात गायब होतोय. खालच्या ओळीत 'माळ'चं 'मळ' झालंय, तेही इथंच." माझ्या विद्यार्थ्याने हे ऐकताच दुभाष्याची यादी उघडली. जुने यंत्र एका आडव्या ओळीत ७२० ठिपके देत होते; आमचा दुभाषी मोजण्यात थोडा कमी पडत होता आणि ठराविक अंतरावर एकेक उभी रांग गाळत होता. इंग्रजी अक्षर एका रांगेने अडत नाही. आपला काना म्हणजे एका ठिपक्याच्या रुंदीची रेघ. ती नेमकी त्या रांगेत सापडली की राघूचा रघू होतो. त्याने आकडा एकेकाने वाढवत नेला. चित्र किंचित पसरले, थरथरले, स्थिर झाले, आणि 'र'शेजारी काना येऊन उभा राहिला.

"आला बगा राघू," मावशी म्हणाल्या.

आम्ही तिघे शिकलेले आणि एक विद्यार्थी, आदल्या दिवसापासून त्या पडद्याकडे पाहत होतो. सारे ठीक आहे असे आम्हांला वाटत होते. चूक पकडली ती दुसरीत शाळा सोडलेल्या बाईंनी, आणि तीही डोळ्यांनी नव्हे. हे चित्र बरोबर आहे की नाही हे ठरवायला शेवटी मूळ आवाज आठवणारे माणूसच लागले. असे माणूस आहे तोवरच हे काम करून घ्यावे, एवढे मला त्या दिवशी कळले. आणखी दहा वर्षांनी राघूचा रघू झाला असता आणि कोणाला कळलेही नसते.

पुढचे काम सोपे झाले. मामांनी सर्व ओव्या एका फ्लॉपीवर घेतल्या. यूएसबीवर चालणारा फ्लॉपीचा डबा अजून मिळतो, त्याने ती लॅपटॉपवर आणली. १९९१ साली ठरलेली 'इस्की' ही अक्षरांची सरकारी सांकेतिक पद्धत त्या फाईलमध्ये वापरलेली होती, त्यामुळे आजच्या युनिकोडमध्ये ती उतरवता आली. मेहुण्याने चार ठिकाणी नकला ठेवल्या. मामांचा तरीही विश्वास बसेना. एकदा अक्षय समजून वह्या टाकल्या होत्या, म्हणाले. आता कागदावरही हव्या.

तेव्हा या दिवाळीला मावशींच्या आईच्या ओव्यांची एक छोटी पुस्तिका आम्ही मोठ्या टायपात छापून घेतली आहे. मावशींना मोठी अक्षरे जुळवून वाचता येतात. भाऊबीजेला त्या येणार आहेत. माझ्या विद्यार्थ्याने अजून पैसे घेतलेले नाहीत. पुस्तिकेची एक प्रत मात्र मागून घेतली. मुद्रिते मामांनी तपासली, मी तपासली, आणि ऱ्हस्व-दीर्घावरून नेहमीप्रमाणे आमचे दोनदा वाजले. फक्त 'राघू' या शब्दावर दोघांनीही काही न बोलता पुन्हा पुन्हा बोट ठेवून पाहिले.

संगणक अजून कोपऱ्यातच आहे. मामींनी त्याला नवा अभ्रा शिवला आहे. यंदा भंगारवाल्याचे नाव त्यांनी काढलेले नाही.